वारिओवेअर टच्ड: पाच सेकंदांचे गेम, एक पेन आणि टचस्क्रीन

स्क्रीनवर एकच शब्द येतो. काय करायचं ते तुम्हाला त्या शब्दावरून आणि चित्रावरून ओळखायचं असतं. वेळ असतो साधारण चार-पाच सेकंद. जमलं तर लगेच पुढचा गेम, नाही जमलं तर एक लाइफ गेली. ‘वारिओवेअर: टच्ड!’ हा गेम असा चालतो. निन्टेंडोने तो 2 डिसेंबर 2004 रोजी जपानमध्ये आणला. निन्टेंडो डीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोलही जपानमध्ये त्याच दिवशी विक्रीला आला होता. अमेरिकेत हा गेम फेब्रुवारी 2005 मध्ये आणि युरोपात मार्च 2005 मध्ये पोहोचला.

पहिला आयफोन यायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. टचस्क्रीनवर गेम खेळणं बहुतेकांसाठी नवीनच होतं. त्यामुळे टचस्क्रीनवर काय काय करता येतं, हे लोकांना खेळता खेळता दाखवण्याचं काम या गेमने केलं.

वारिओ कोण?

वारिओ म्हणजे मारिओचा खट्याळ प्रतिस्पर्धी. जपानी भाषेत ‘वारुई’ म्हणजे वाईट. हा शब्द आणि मारिओ हे नाव जोडून ‘वारिओ’ तयार झालं. 1992 मध्ये गेम बॉयवरच्या ‘सुपर मारिओ लँड 2’ मध्ये तो पहिल्यांदा दिसला. 2003 मध्ये गेम बॉय अॅडव्हान्सवर वारिओवेअर मालिकेचा पहिला गेम आला. त्याची कथा मजेशीर आहे. गेम विकून झटपट पैसा मिळतो हे वारिओच्या लक्षात येतं. मग तो कंपनी काढतो आणि मित्रमैत्रिणींना गेम बनवायला बसवतो. म्हणूनच प्रत्येक पात्राचे गेम वेगळे असतात.

मायक्रोगेम म्हणजे काय?

मोठ्या गेमच्या आत असलेल्या छोट्या गेमला मिनीगेम म्हणतात. मायक्रोगेम त्याहून लहान असतो. ‘टच्ड’ मध्ये असे सुमारे 180 मायक्रोगेम आहेत. तुमच्याकडे चार लाइफ असतात. जसजसे पुढे जाल तसतसा वेग वाढतो आणि शेवटी एक मोठा ‘बॉस’ गेम येतो.

इथे ट्युटोरियल दाखवायला वेळच नसतो. त्यामुळे गेम बनवणाऱ्यांना प्रत्येक चित्र असं काढावं लागतं, की बघताक्षणी हात आपोआप योग्य जागी जावा. दोरी दिसली की कापावीशी वाटली पाहिजे, धूळ दिसली की पुसावीशी वाटली पाहिजे. आपल्या फोनवरची चांगली अॅप्सही याच तत्त्वावर बनवलेली असतात. बटण कुठलं, सरकवायचं काय, हे विचारावं न लागता कळायला हवं.

प्रत्येक पात्राचा वेगळा स्पर्श

या गेमचं जपानी नाव आहे ‘सावारू मेड इन वारिओ’. ‘सावारू’ म्हणजे स्पर्श करणं. वेगवेगळ्या पात्रांना स्पर्शाचे वेगवेगळे प्रकार वाटून दिले आहेत:

- वारिओ: टोचणं, म्हणजे आजच्या भाषेत टॅप
- मोना: रेघ ओढून कापणं
- जिमी टी.: घासणं
- अॅशली: पकडून ओढत नेणं, म्हणजे ड्रॅग
- डॉ. क्रायगर: गोल फिरवणं
- 9-व्होल्ट आणि 18-व्होल्ट: निन्टेंडोच्या जुन्या गेमचे छोटे तुकडे
- माइक: मायक्रोफोनमध्ये फुंकर मारणं

अॅशली आणि माइक ही दोन पात्रं याच गेममध्ये पहिल्यांदा आली. अॅशलीचं गाणं तर पुढे खूप लोकप्रिय झालं. याशिवाय गेममध्ये एक खेळण्यांची खोली आहे. पुढे जाल तशी तिथे नवीन खेळणी जमा होतात. त्यातल्या बऱ्याच खेळण्यांशी नुसतं खेळत बसायचं.

डीएसची स्क्रीन तुमच्या फोनपेक्षा वेगळी कशी?

डीएसला दोन स्क्रीन होत्या, प्रत्येकी तीन इंची. त्यातली फक्त खालची टचस्क्रीन. ती ‘रेझिस्टिव्ह’ प्रकारची होती. या प्रकारात वर एक लवचीक थर असतो, खाली दुसरा थर आणि मध्ये अगदी थोडी फट. तुम्ही दाबलं की दोन्ही थर एकमेकांना टेकतात आणि त्या जागचा विद्युतदाब मोजून बोट कुठे आहे ते ठरतं. दाब महत्त्वाचा असल्यामुळे प्लास्टिकचं पेन, नख, हातमोजा घातलेलं बोट, काहीही चालतं. मात्र अशी स्क्रीन एका वेळी एकच जागा नीट ओळखते. दोन बोटं ठेवली तर ती गोंधळते आणि मधलीच कुठली तरी जागा धरते.

तुमच्या फोनची स्क्रीन ‘कपॅसिटिव्ह’ असते. काचेखाली हलकं विद्युतक्षेत्र असतं आणि बोट जवळ आलं की त्यात बदल होतो. म्हणून फोनला जोर द्यावा लागत नाही आणि दोन बोटांनी फोटो मोठा करता येतो. पण साधं प्लास्टिकचं पेन चालत नाही, आणि पावसात स्क्रीनवर पाणी पडलं की फोन वेड्यासारखा वागतो.

‘टच्ड’ पेनसाठी बनवलेला गेम आहे. पेनाचं टोक बारीक असल्यामुळे स्क्रीन झाकली जात नाही. तोच गेम फोनवर बोटाने खेळला तर चित्राचा मोठा भाग बोटाखाली जातो. पाच सेकंदांच्या गेममध्ये एवढ्यानेही लाइफ जाऊ शकते.

फुंकर ओळखतो कसा?

माइकच्या गेममध्ये बोललेलं समजून घेण्याची गरज नसते. मायक्रोफोनवर फुंकर मारली की मोठा, सलग, खरखरीत आवाज तयार होतो. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की झालं. म्हणूनच आजूबाजूला फार गोंगाट असेल तर हे गेम नीट खेळता येत नाहीत.

आज खेळायचा असेल तर?

फोनसाठी या गेमचं अधिकृत अॅप नाही. त्यामुळे कुठल्या साइटवर या नावाची एपीके फाइल दिसली तर ती निन्टेंडोची नाही, हे नक्की समजा. अशी फाइल इन्स्टॉल करताना एसएमएस, कॉन्टॅक्ट किंवा अॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर तिथेच थांबा. गेमला यातलं काहीच लागत नाही. मूळ गेमला लागतो तो फक्त टच आणि माइक. बँकेचा ओटीपी ज्या फोनवर येतो, त्यावर हा धोका घेऊ नका. शिवाय गेमची फाइल परवानगीशिवाय वाटणं हा कॉपीराइटचा भंग आहे.

सरळ मार्ग म्हणजे सेकंडहँड कार्ट्रिज. ते डीएस, डीएस लाइट, डीएसआय आणि 3डीएस-2डीएस या कन्सोलवर चालतं. स्विचवर चालत नाही. घेताना तीन गोष्टी तपासा:

1. सेटिंगमध्ये जाऊन टचस्क्रीन कॅलिब्रेट करून बघा. पेन एकीकडे आणि खूण भलतीकडे असेल तर कन्सोल घेऊ नका.
2. मायक्रोफोन चालतो का ते बघा, नाहीतर माइकचे गेम अडतील.
3. कार्ट्रिजची भाषा विचारा. जपानी कार्ट्रिज भारतातल्या कन्सोलवरही चालतं, पण सगळे आदेश जपानीत येतील.

फोनवर अशाच धाटणीचं काही हवं असेल तर ‘डम्ब वेज टू डाय’ हा गेम बघा. ऑस्ट्रेलियातल्या मेट्रो ट्रेन्स मेलबर्नने रेल्वे सुरक्षेच्या जाहिरात मोहिमेतून तो 2013 मध्ये आणला. त्यातही काही सेकंदांत टॅप, स्वाइप करून पात्रांचा जीव वाचवायचा असतो. वारिओवेअर मालिकाही अजून सुरू आहे. स्विचवर 2021 मध्ये ‘गेट इट टुगेदर’ आणि 2023 मध्ये ‘मूव्ह इट’ हे गेम आले. ‘मूव्ह इट’ मध्ये टचऐवजी दोन्ही हातांत कंट्रोलर धरून अंग हलवायचं असतं.