गिरणीच्या जमिनीचा धडा

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर एकेक भोंगा थांबत गेला. प्रश्न उरला जमिनीचा. १९९१च्या नियमाने तिचे तीन वाटे केले : मैदाने-उद्यानांना एक, सार्वजनिक घरबांधणीला दुसरा, मालकाला तिसरा. २००१ साली नियम फिरला. वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली. लोकांचे वाटे आक्रसले. पर्यावरणवाद्यांनी दाद मागितली. २००५मध्ये उच्च न्यायालयाने ती मानली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरलेलाच नियम कायम केला.

आम्ही पगारासाठी रस्त्यावर उतरलो. नियमातली ओळ मात्र वेळेवर वाचली नाही. मैदान राखायचे, तर आधी कागद वाचला पाहिजे.