रंध्यावरचे नाव

सुताराचा रंधा दुकानातून विकत आणावयाचा असतो, हे आपणां सर्वांस इतके सवयीचे झाले आहे की त्यामागे काही इतिहास असेल, असे मनातही येत नाही. परंतु युरोपात कित्येक शतके सुतार पोलादी पात्यापुरताच लोहाराकडे जाई. रंध्याचे लाकडी अंग बहुधा तो स्वतःच घडवी. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्रज युद्धनौकेच्या अवशेषांत सुतारांची हत्यारे सापडली, त्यांत लाकडी रंधेही आहेत.

हे काम दिसते तितके सोपे नव्हे. चांगल्या वाळलेल्या, कठीण लाकडाचा ठोकळा निवडावा लागे. पटाशीने त्यात तिरपे घर कोरून पाते सुमारे ४५ अंशांत बसवावयाचे आणि पाचरीने आवळावयाचे. तळाचे तोंड अरुंद हवे. ते रुंद झाले तर लाकूड गुळगुळीत होण्याऐवजी उचकटते. ज्याने असा रंधा घडविला, त्याला त्याची दुरुस्तीही करता येई.

इ. स. १७०० च्या सुमारास लंडनमध्ये रंधे करून विकणारे स्वतंत्र कारागीर उदयास आले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत हाच व्यवसाय फ्रान्सिस निकल्सन याने रेंथॅम गावी चालविला. त्याच्याकडे सीझर चेलर नावाचा कृष्णवर्णीय गुलाम राबत असे. हात त्याचे, कसब त्याचे. पण कायद्याने तो स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होता. १७५३ साली निकल्सन निवर्तला. त्याच्या मृत्युपत्राने चेलरला स्वातंत्र्य मिळाले. सोबत दहा एकर जमीन, कामाचा बाक, लाकूड आणि सुतारांची हत्यारे ज्यांनी घडवावयाची ती हत्यारे मिळाली.

या शेवटच्या बाबीपाशी आम्ही थबकतो. हयातीत ज्याला बांधून ठेवले त्याला मरणोत्तर मुक्त केले, यात धन्याची थोरवी गावी असे आम्हांस वाटत नाही. तथापि केवळ ‘तू मोकळा आहेस’ एवढ्या शब्दांनी चेलरचे पोट भरले नसते. १७८४ साली मरण येईपर्यंत तो आपल्या कसबाचा धनी राहिला. त्याचे रंधे आज अमेरिकेतील संग्रहालयांत जपलेले आहेत. त्यांवर त्याच्याच नावाचा ठसा आहे.

पुढे १८६९ साली स्टॅन्ली कंपनीने लेनर्ड बेली यांचा रंध्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि कारखान्यातील लोखंडी रंधे घरोघरच्या सुतारांपर्यंत पोचले. त्यांनी कष्ट वाचविले, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स क्रेनॉव्ह यांनी आपल्या ग्रंथांतून, आणि १९८१ पासून कॅलिफोर्नियातील शाळेत, विद्यार्थ्यांना स्वतःचा लाकडी रंधा स्वतः करावयास शिकविले.

आपल्या मुलांच्या हाती आपण पुष्कळ वस्तू विकत आणून देतो. त्या घडविण्याचे कसब त्यांना देतो काय, हा प्रश्न चेलरचा रंधा आम्हांस विचारतो.