तळटीप : वाढीचा तक्ता
१. भारतीय बालरोग अकादमीचा, ५ ते १८ वर्षांच्या मुलांच्या उंची-वजनाचा २०१५चा सुधारित तक्ता. त्यामागील अभ्यासात पुण्यातील बालसंप्रेरकतज्ज्ञ डॉ. वामन खाडिलकर यांचा वाटा मोठा. १४ शहरांतील ३३,१४८ मुलांची मापे त्यात आहेत. पुणे-मुंबई आहेत, कोल्हापूर नाही, तरी इथल्या मुलांनाही लागू तोच. मुले खात्यापित्या घरांतली निवडली, म्हणजे कुपोषणाने खुंटलेली उंची प्रमाण ठरू नये. अतिवजनाची वगळली, नाहीतर लठ्ठपणाच सर्वसाधारण ठरला असता. तक्त्याचे खरे मोल या चाळणीत आहे. सर्वांत खालची रेषा तिसऱ्या शतमकाची : शंभरातली तीन मुले तिच्याखाली असणारच, आणि त्यांतली बरीचशी आईवडिलांसारखी ठेंगणी, आजारी नव्हेत. मात्र सातव्या वर्षी मधल्या रेषेवर असलेली मुलगी नवव्या वर्षी खालून दुसऱ्या रेषेवर आली, तर उंची अजून ‘बसते’ म्हणून गप्प राहणे चूक. अशा घसरणीत थायरॉईड किंवा वाढ-संप्रेरकाची कमतरता असू शकते. तपासण्या कराव्या लागतात. पाच वर्षांखालच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे तक्ते वापरतात.