ओझे पुढे, राजा मागे

लासलगावच्या उत्तरेला चांदवडची डोंगररांग आहे. 17 ऑक्टोबर 1670 रोजी त्या रांगेतल्या कांचनबारीत शिवाजी महाराज आणि मोगल सरदार दाऊदखान कुरेशी यांची गाठ पडली. कृष्णाजी अनंत सभासद बखरीत हा प्रसंग मोजक्या वाक्यांत सांगतो. त्यांचा आशय एकेक करून पाहू.

मालमत्ता पायदळाबरोबर पुढे लावून दिली. सगळी लढाई मला या वाक्यात दिसते. महाराजांनी केलेली सुरतेची दुसरी लूट दोन आठवड्यांपूर्वीची; तोच माल बरोबर होता. लुटीने लदलेल्या फौजेचा अर्धा जीव गोणीत असतो. आपल्याकडे कांद्याची भरलेली ट्रॉली घाटात नेणाऱ्याला विचारा: मागे भार असला की चटकन वळता येत नाही, चढावर थांबताही येत नाही. महाराजांनी आधी माणसांचे हात मोकळे केले, मग लढाई अंगावर घेतली. बखरींच्या भाषेत अशा बिनओझ्याच्या स्वाराला ‘सडा’ म्हणतात. एकट्या, पाश नसलेल्या माणसाला आपण आजही सडा म्हणतो.

स्वतः चिलखत घालून, हाती पट्टे चढवून घोड्यावर बसले. पट्ट्याचे खोबळे, म्हणजे त्याच्या मुठीचे आवरण, कोपरापर्यंत हात झाकते. एकदा ते चढवले की त्या हाताने दुसरे काम होत नाही. म्हणजे जे सांगायचे ते सांगून झाले होते, असे मी या तपशिलावरून वाचतो. आणि राजा उभा कुठे राहिला? लुटीबरोबर पुढे नव्हे, मागे, माल आणि शत्रू यांच्या मधोमध, सुमारे दहा हजार स्वारांसह. परतीच्या वाटेवर शिपाई पाठीमागेच पाहत असतो. तिथे त्याला आपला राजा दिसत होता.

प्रतापराव, आनंदराव यांनी शर्थ केली. सभासद सरदारांची नावे घेतो, हे योग्यच. दोन्ही हात पट्ट्यांत अडकवणाऱ्या राजाने फळ्या त्यांच्यावर निर्धास्त सोपवल्या होत्या.

इथे मोगलांच्या बाजूने लिहिणारा भीमसेन सक्सेनाही वाचावा. मध्यरात्री मराठ्यांची खबर येताच दाऊदखान निघाला. चंद्र मावळला, अंधारात त्याचे सैन्य पांगले. आघाडीच्या इखलासखानाला पहाटे टेकाडावरून मराठे सज्ज दिसले. त्याच्या माणसांची चिलखते उंटांवर होती; ती आता कुठे अंगावर चढत होती. तो थांबला नाही. जखमी होऊन घोड्यावरून पडला. त्याच्या शौर्याविषयी शंका नाही. पण आपली माणसे अजून चिलखते चढवत आहेत, हे त्याने पाहायला हवे होते.

तीन हजार मोगल मारले. हा बखरीचा आकडा; मी त्यावर रेंगाळणार नाही. ज्या मालासाठी राजा मागे उभा राहिला, तो माल कोकणात सुखरूप उतरला आणि डिसेंबरात मराठी घोडी वऱ्हाडात कारंज्याला पोचली होती.