दुर्बीण आणि वेध

'दुर्बीण' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला, हे सांगावं लागतं. पित्ताशयाचं ऑपरेशन 'दुर्बिणीतून' होतं, गड चढणाऱ्यांच्या गळ्यात दुर्बीण असते. मूळ शब्द फारसी: 'दूर' आणि 'बीन', म्हणजे पाहणारा. 'तमाशबीन'मधला 'बीन' तोच. फारसी 'दूर' आणि संस्कृत 'दूर' ही सख्खी भावंडं, त्यामुळे निम्मा शब्द आपल्या ओळखीचाच होता. मराठीनं 'दू' ऱ्हस्व केला, शेवटच्या 'न'चा 'ण' केला, शब्द स्त्रीलिंगी ठरवला आणि दुर्बिणी, दुर्बिणीतून अशी रूपं बिनदिक्कत चालवली.

फारसीत हा शब्द यंत्राच्याही आधीचा आहे. पुढचा विचार करणाऱ्या माणसाला 'दूरबीन' म्हणत. आपला 'दूरदर्शी' तसाच. यंत्र आलं तेव्हा शब्द तयार होता. 'टेलिस्कोप' मात्र मुद्दाम घडवला गेला. 14 एप्रिल 1611 रोजी रोममध्ये गॅलिलिओच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तिथं हे नाव जाहीर झालं. जोव्हानी देमिसियानी या ग्रीक विद्वानानं ते सुचवलं होतं. तोवर गॅलिलिओ स्वतः लॅटिनमध्ये 'पेर्स्पिसिलम' लिहीत असे. म्हणजे ग्रीक असो की फारसी, नाव एकाच ठिकाणी येऊन थांबलं: लांबचं पाहणं.

आकाशाकडे पाहण्यासाठी आपल्याकडे याहून जुना आणि माझ्या मते अधिक जिवंत शब्द आहे, तो 'वेध'. 'व्यध्' म्हणजे भोसकणं, भेदणं. कान टोचणं हा कर्णवेध, नेम साधणं हा लक्ष्यवेध. ग्रहताऱ्यावर काठी किंवा नळी रोखून नजर नेमकी तिथं पोचवायची, हाही वेधच. कोकणातल्या नांदगावच्या केशव दैवज्ञांनी असे वेध घेतले, आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञांनी 1520 च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहिला. जुन्या पंचांगांची गणितं पुढे कित्येक पिढ्या त्याच ग्रंथावर चालली.

हा शब्द तिथंच थांबला नाही. ग्रहणाचे वेध लागले की घरात अन्नपाण्याचे नियम सुरू होतात. आषाढ जवळ आला की पंढरीचे वेध लागतात. एखादी गोष्ट लक्ष वेधून घेते. पावसाळ्यात तर रोज 'वेधशाळेचा अंदाज' कानावर येतो. हवामानाशी वेधाचा काय संबंध, असं वाटेल. पण मुंबईची कुलाबा वेधशाळा 1826 मध्ये उभी राहिली ती खगोलनिरीक्षणासाठी आणि अचूक वेळ ठरवण्यासाठी. हवामानाच्या नोंदी मागाहून आल्या, नाव तेच राहिलं.

आता नारायणगावजवळच्या खोडदला या. इथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीला डोळा लावायला जागाच नाही. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत 30 अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. चौदा मध्यभागी, बाकीच्या तीन दिशांना काही किलोमीटर पसरलेल्या. जवळ जाऊन पाहिलं की थाळी भरीव नसून तारेच्या जाळीची आहे, हे लक्षात येतं. जाळीची भोकं 10 ते 20 मिलिमीटरची. ज्या लहरी टिपायच्या त्यांची लांबी 20 सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटरपर्यंत असते. त्यांना एवढं भोक जाणवत नाही, वारा मात्र आरपार जातो. म्हणून इतकी मोठी थाळी हलकी आणि तुलनेनं स्वस्त झाली. 'बीन' म्हणजे पाहणारा हा अर्थ इथं लागू पडत नाही. वेध घेणं मात्र पुरेपूर लागू पडतं.

याच दुर्बिणीनं सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची 21 सेंटिमीटर लांबीची लहर टिपली. 2023 च्या सुरुवातीला ते जाहीर झालं. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वानं भिंगाचं काम केलं, संदेश जवळजवळ तीसपट वाढला, तेव्हा कुठे तो हाती लागला. प्रवासात लहर ताणली जात असल्यानं पोचेपर्यंत तिची लांबी 48 सेंटिमीटरच्या आसपास झाली होती.

दुर्बिणीला 'दूरदर्शक' असाही शब्द आहे. शब्द शुद्ध आहे, पण बोलताना तो कुणाच्या तोंडी येत नाही, आणि 'दूरदर्शन'नं त्याची वाट आधीच अडवली. 'दुर्बीण' बदलण्याची काही गरज नाही. तिच्यातून जे करतो त्याला मात्र 'ऑब्झर्वेशन' न म्हणता 'वेध' म्हणावं, असं मला मनापासून वाटतं; कारण ग्रहावर नजर रोखणं आणि एखाद्या गोष्टीची ओढ लागणं, ही दोन्ही त्या एका शब्दात आहेत.

दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली होते, आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रकल्प घेऊन येतात. घरातल्या मुलांना एकदा तिथं घेऊन जा. अँटेनांजवळ मोबाइल बंद ठेवा. त्याच्या लहरींपुढे दीर्घिकांच्या लहरी फारच क्षीण असतात.