आय प्ले द कोरा

मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतील गायिकांच्या ‘लेझ आमाझोन दाफ्रिक’ या समूहाचे स्त्री-पुरुष समतेचा पुरस्कार करणारे सामूहिक गीत. समूहाचे पहिले गीत म्हणून ते प्रसिद्ध झाले आणि पुढे २०१७ मधील ‘रेपुब्लिक आमाझोन’ या संग्रहात समाविष्ट झाले. कोरा हे वाद्य परंपरेने पुरुषांकडे राहिले आहे. ‘मी कोरा वाजवते’ असे सांगणारे हे शीर्षक म्हणजे त्या मक्तेदारीला दिलेले आव्हान होय.

कोरा आणि जेली परंपरा : अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणून आणि त्यात लांब दांडा बसवून कोरा तयार करतात. त्याला २१ तारा असतात. त्या दोन रांगांत विभागलेल्या असून दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी यांनी छेडल्या जातात. पूर्वी तारा कातड्याच्या पट्ट्यांपासून करीत. आता नायलॉन वापरतात. माली, गांबिया, सेनेगल, गिनी आणि गिनी-बिसाऊ या देशांतील मांदिंग समाजात हे वाद्य जेली घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आले. कुयाते, दियाबाते, सिसोको ही त्यांतील प्रसिद्ध कुलनामे. वंशावळी मुखोद्गत ठेवणे, राजांचे पराक्रम गाणे, लग्न-बारशाच्या प्रसंगी स्तुती करणे आणि तंट्यांत मध्यस्थी करणे ही जेलींची कामे. आपल्याकडील भाटांशी त्यांचे बरेच साम्य आहे.

या परंपरेत स्त्रियांना गाण्याची मनाई कधीच नव्हती. जेली स्त्रीचा आवाज मानाचा समजला जातो आणि मालीत अशा गायिका मोठ्या लोकप्रिय आहेत. मात्र कोरा, बालाफोन, न्गोनी ही वाद्ये पुरुषांनी वाजवावीत आणि स्त्रीने गावे, फार तर लोखंडी करिन्यानवर ताल धरावा, अशी वाटणी रूढ झाली. वाद्याची तालीम बाप मुलाला देई. मुलगी त्या बैठकीत बसत नसे. त्यामुळे या गीतातील मागणी आवाज मिळावा अशी नसून काम आणि विद्या यांवरील हक्काची आहे.

समूहाची स्थापना : हा समूह २०१४ मध्ये मालीची राजधानी बामाको येथे उभा राहिला. मामानी केइता, उमू सांगारे आणि मरियम दुंबिया या मालीच्या तीन गायिका त्याच्या संस्थापक. फ्रान्समधील संगीत-संयोजक व्हालेरी मालो यांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. नावामागे दोन संदर्भ आहेत. एक, सध्याच्या बेनिनच्या भूमीवरील दाहोमी राज्याची स्त्री-सेना; युरोपीय प्रवाशांनी तिला ‘ॲमेझॉन’ म्हटले. दुसरा, गिनीच्या सुरक्षा दलातील स्त्रियांचा १९६१ मध्ये स्थापन झालेला ‘लेझ आमाझोन द गिने’ हा वाद्यवृंद. गिटार, सॅक्सोफोन आणि ड्रम वाजवणाऱ्या या स्त्रियांनी वाद्यांची मक्तेदारी अर्धशतकापूर्वीच मोडली होती.

काळही अनुकूल नव्हता. मालीच्या संसदेने २००९ मध्ये संमत केलेला सुधारित कौटुंबिक कायदा धार्मिक संघटनांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. २०११ मध्ये आलेल्या कायद्यात पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे हे कलम कायम राहिले आणि मुलींच्या विवाहाचे किमान वय १६ ठेवले गेले. २०१२ मध्ये उत्तर मालीचा ताबा घेतलेल्या सशस्त्र गटांनी तेथे संगीतावरच बंदी आणली. मुलींच्या जननेंद्रियांचे छेदन, बालविवाह, बहुपत्नीत्व आणि घरातील मारहाण हे समूहाच्या गाण्यांचे विषय याच वास्तवातून आले.

सहभाग आणि संगीत : ‘रेपुब्लिक आमाझोन’मध्ये वेगवेगळ्या पिढ्यांच्या आणि अनेक देशांच्या कलावंत एकत्र आल्या. बेनिनच्या आंजेलिक किजो, नायजेरियाच्या न्नेका, गॅबनच्या पामेला बाजोगो यांच्याबरोबर मालीच्या कांदिया कुयाते, रोकिया कोने, मरियम कोने आणि ड्रमवादक मुनेइसा तांदिना यांचा त्यात समावेश आहे. कांदिया कुयाते या कीता येथील नामांकित जेली घराण्याच्या. २००४ मधील पक्षाघातानंतर त्यांचे गाणे अनेक वर्षे थांबले होते. याउलट मामानी केइता यांचे केइता हे नाव राजकुळाचे. त्या कुळातील माणसाने गाणे व्यवसाय म्हणून करणे रूढीला मान्य नव्हते. उमू सांगारे वासुलू भागातील परंपरेच्या; तेथे गायन जन्मावर अवलंबून नसते. अशा भिन्न अधिकाराच्या स्त्रिया एका समूहात आल्या, हे मांदिंग समाजाच्या दृष्टीने लिंगभेदाइतकेच जातिभेद ओलांडणारे होते.

संगीतनिर्मिती पॅरिसमध्ये काम करणारे, मूळचे आयर्लंडचे लियम फॅरेल ऊर्फ डॉक्टर एल यांची आहे. मांदिंग गायकीचे ताणलेले, उंच स्वर त्यांनी जड बास, खरखरीत गिटार आणि इलेक्ट्रॉनिक तालांवर बसवले. लोकसंगीताचे शांत, सजावटी रूप त्यांनी टाळले. संग्रह पीटर गॅब्रिएल यांनी स्थापन केलेल्या रिअल वर्ल्ड रेकॉर्ड्स या इंग्लंडमधील संस्थेने काढला.

सामाजिक कार्य : ‘आय प्ले द कोरा’च्या प्रकाशनातून काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील पांझी फाउंडेशनसाठी निधी उभारण्यात आला. बुकावू येथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या पांझी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ डेनिस मुक्वेगे युद्धकाळातील लैंगिक अत्याचारांना बळी पडलेल्या स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. या कामासाठी त्यांना २०१८ चे नोबेल शांतता पारितोषिक नादिया मुराद यांच्यासह मिळाले.

मूल्यमापन : या गीताने कोरावरील निर्बंध मोडला असे म्हणता येणार नाही. तो मोडण्याचे काम वाद्य हाती घेणाऱ्या स्त्रियांनी केले. मालीच्या मदिना न्दियाये आणि जेली घराण्यातच जन्मलेल्या गांबियाच्या सोना जोबार्ते यांची नावे त्यांत प्रमुख आहेत. गीताने त्या प्रश्नाला सामूहिक आवाज दिला आणि तो आफ्रिकेबाहेर पोचवला. त्याची दुसरी बाजूही आहे : निर्मिती, प्रकाशन आणि महोत्सव यांचे जाळे मुख्यतः युरोपात असल्याने गाण्याची हाक ज्या गावांसाठी आहे, त्यांच्यापेक्षा पॅरिस-लंडनचा श्रोता तिच्या अधिक जवळ राहिला. तथापि सांगारे, दुंबिया आणि कुयाते या मालीच्या घरोघरी आधीच परिचित होत्या, म्हणून हा विचार बाहेरून लादलेला ठरवणे अवघड होते.

समूहाचे सदस्यत्व खुले आहे. ‘आमाझोन पॉवर’ (२०२०) आणि ‘मुसो दान्स’ (२०२४) या पुढील संग्रहांत फाफा रुफिनो, नियारियू अशा नव्या गायिका आल्या. ‘मुसो दान्स’चे निर्माते जॅकनाइफ ली आहेत.