एक भागिले दोन : नवशिक्यांनी बदललेली पायथन
पायथन शिकू लागलेल्यांचा एक प्रश्न वर्षानुवर्षे ठरलेला असे : १/२ लिहिले की उत्तर शून्य का येते?

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळात ॲम्स्टरडॅम येथे या भाषेची बांधणी आरंभली. पूर्णांकाला पूर्णांकाने भागल्यास उत्तरही पूर्णांकच, ही रीत त्यांनी सी भाषेवरून उचलली. गंमत अशी की, त्यांनी पूर्वी ज्या एबीसी भाषेवर काम केले होते ती नवशिक्यांसाठीच घडवलेली होती आणि तिच्यात भागाकार अचूक होत असे.

जाणत्यांना यात वावगे वाटत नव्हते; नवशिक्याने १.०/२ लिहावे, इतकेच. पुढे अमेरिकेत रँडी पॉश यांच्या गटाने ‘ॲलिस’ या त्रिमितीय चित्रप्रणालीसाठी पायथन निवडली आणि प्रोग्रामिंग न शिकलेले विद्यार्थी कुठे अडखळतात, हे बारकाईने पाहिले. दोन अडथळे ठळक दिसले : लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांतला भेद आणि हा भागाकार. ॲलिसमध्ये दोन्ही काढून टाकण्यात आले.

व्हॅन रॉसम यांनी अक्षरभेद कायम ठेवला. भागाकाराची तक्रार मात्र मानली. २००१ मधील ‘पेप २३८’ या प्रस्तावाने पूर्णांक भागाकारासाठी // हे वेगळे चिन्ह आणले. तरीही साध्या / चा अर्थ लगेच बदलता येईना. जुन्या प्रोग्रामांतील आकडे त्रुटीचा संदेशही न देता बदलले असते, आणि ही भीती रास्तच होती. अखेर डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आली आणि १/२ चे उत्तर ०.५ झाले.

पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. मधली अकरा वर्षे एकाच ओळीची दोन उत्तरे नांदत होती, आणि मदत करणाऱ्याला आधी विचारावे लागे : आवृत्ती कोणती?